लॅपटॉपचा पुनर्विकास

साधा लॅपटॉप एक दिवस मरतो. आपण हळहळतो, ईएमआयचा हिशेब मांडतो आणि नवा घेऊन मोकळे होतो. माझा मरायला तयार नाही. तो फ्रेमवर्क कंपनीचा, २०२१ सालचा. याचं सगळं सुटं होतं. खोक्यात स्क्रूड्रायव्हर येतो, आतल्या भागांवर क्यूआर कोड असतात, यूएसबी आणि एचडीएमआयची भोकंसुद्धा हवी तशी काढायची-घालायची. भाच्याने सिएटलहून आणून दिला तेव्हा म्हणाला होता, "मावशी, हा जन्मभर पुरेल." जन्मभर विचार करायला पुरेल, असं त्याला म्हणायचं असावं.

तक्रार म्हणाल तर काही नाही. अशिलांची जीएसटी रिटर्न्स भरतो आणि मार्चअखेरीला माझ्यापेक्षा कमी धापा टाकतो. पण २०२५मध्ये आलेला रायझन एआय ३०० प्रोसेसरवाला मदरबोर्ड, म्हणजे आतली मुख्य पाटी, याच जुन्या खोळीत चपखल बसतो, हे मला कळलं आणि झोप उडाली.

माझा नवरा नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. बिल्डिंग तीन मजली, लिफ्ट नाही, आणि दुरुस्ती की पुनर्विकास यावर सभा इतकी वर्षं चालल्यात की विरोध करणाऱ्यांची पुढची पिढी मतदानाला आली आहे. त्याला विचारणं भागच होतं.

"नुसता बोर्ड बदलायचा?" तो म्हणाला. "मग जुन्या सभासदांचं काय?"

इथेच पाणी मुरत होतं. माझी रॅम, म्हणजे कामापुरती मेमरी, डीडीआर४ जातीची. तिला २६० पिना. नव्या बोर्डाला डीडीआर५ लागते, तिला २६२. दोन पिनांसाठी १६ जीबी बेघर. बरं, नवी घ्यावी तर एआयच्या डेटा सेंटर्सनी मेमरी अशी उचलली आहे की भाव गगनाला भिडलेत. एआय माझी कामं घेईल म्हणून मी घाबरत होते; त्याने आधी रॅम घेतली.

एवढ्यावर थांबावं ना? पण नवा बोर्ड आणि जुनी ५५ वॉट-अवरची बॅटरी? ६१ची मिळते. बॅटरी बदलतोच आहोत तर जास्त सुस्पष्ट अशी २.८के स्क्रीन. स्क्रीन उघडतोच आहोत तर नवा वेबकॅम. बिजागऱ्यासुद्धा जास्त घट्ट मिळतात. हे सगळं मी एक्सेलमध्ये मांडलं. शेवटी मूळ लॅपटॉपपैकी झाकण, टचपॅड आणि माझी भावनिक गुंतवणूक एवढंच उरलं. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

"म्हणजे नवाच घे," असं कोणीही म्हणेल. भाचा म्हणाला, "अगं, जुना बोर्ड वाया जात नाही. तो स्क्रीन-कीबोर्डशिवाय सुटा चालतो. कूलर मास्टरची खास पेटी मिळते, तिच्यात ठेव, घरचा सर्व्हर कर."

"संक्रमण शिबिर," नवरा आतून म्हणाला.

म्हणजे पैसे वाचवायला बोर्ड बदलायचा आणि उरलेल्या बोर्डासाठी घर घ्यायचं. सर्व्हरवर ठेवायचं काय, तर गणपतीचे फोटो आणि १९९८पासूनची सोसायटीची इतिवृत्तं.

त्यात कस्टम्सची गंमत. परदेशातून येणाऱ्या अठरा वर्षांवरच्या प्रवाशाला एक अख्खा लॅपटॉप शुल्काशिवाय आणता येतो. सुटा मदरबोर्ड मात्र चॉकलेटं-परफ्यूमसोबत बाकीच्या सामानाच्या मर्यादेत मोजायचा. जो मार्ग काटकसरीचा, त्याच्यावरच नाका. घोडबंदर रोडवर राहणाऱ्या माझ्या बहिणीला हे मी तळमळीने सांगितलं. ती म्हणाली, "तुझा लॅपटॉप बंद पडलाय का?" नाही म्हटलं. "मग?"

या "मग"ला उत्तर नाही. ज्यांच्या लॅपटॉपात रॅम बोर्डावरच डकवलेली असते, ते सुखी लोक. त्यांना कुणी विचारतच नाही.

काल भाच्याचा फोन आला. पुढच्या आठवड्यात येतोय, बॅगेत जागा आहे, पटकन सांग, बोर्ड आणू की लॅपटॉप? मी खूप विचार करून स्क्रीनभोवतीची पारदर्शक जांभळी चौकट मागवली. ती चुंबकावर बसते, स्क्रूसुद्धा काढावा लागत नाही.

नवऱ्याने मान डोलावली. "बरोबर आहे. ठराव पुढच्या सभेत, तूर्त बाहेरून रंगकाम."