घोटा माझा, चादर पानिपतची

नळासाठी खणून तसाच सोडलेल्या चरात माझा पाय गेला. खणणारं खातं वेगळं आणि बुजवणारं वेगळं, हे सोलापूरकरांना सांगायला नको.

हाडांच्या डॉक्टरांकडे पाच पेशंट एकदम आत सोडतात. एक टेबलावर, बाकीचे बाकड्यावर प्रेक्षक.

"गुडघाही बघावा लागेल," डॉक्टर म्हणाले. घोटा पिळवटला की पोटरीचं बाहेरचं बारीक हाड कधीकधी थेट गुडघ्याखाली मोडतं म्हणे. असेल. पण माझी जीन्स पोटरीवरच अडकली. "काढा की," कंपाउंडर म्हणाला आणि अंगावर चादर भिरकावली.

तेवढ्यात बाकड्यावरचे आजोबा उठले. धोतर, टोपी, उभी हयात मागावर गेलेली. जवळ येऊन त्यांनी चादरीची कड चिमटीत धरून चोळली.

"ओ सर, ही कुठली?"

"दवाखान्याची."

"सोलापूरची न्हाई ही." त्यांनी कड उलटी केली. कड उलटली की आतल्या माणसाचं काय होतं, हा विचार त्यांना शिवला नाही. "आपल्या चादरीची नक्षी दोन्ही अंगाला उठते. वरचा रंग खाली, खालचा वर. हितं बघा!" बघायला आणखी दोघं उठले. "पानिपतचा माल. सोलापूरचं नाव लावून सोलापुरातच खपवायलेत!"

कळवळा खरा होता, मान्य. पण माग बंद पडल्याचं दुःख माझ्या मांड्यांवर पसरून मांडायचं का?

डॉक्टर इकडे उजवा पाय दाबत होते. "दुखतोय डावा," मी ओरडलो.

"आधी चांगला बघतो, मग फरक कळतो."

"बरोबर हाय," आजोबा म्हणाले. "अस्सल हातात घेतल्याबिगर नकली कळत न्हाई." डॉक्टरांनी चक्क मान डोलावली.

मग मला पालथं घालून पावलं टेबलाबाहेर लोंबकळवली आणि पोटरी आवळली. पाऊल हललं, म्हणजे टाचेवरची जाड शीर शाबूत. मग घोट्याच्या दोन्ही हाडांची मागची कड, खालून 6 सेंटीमीटरपर्यंत. मग पावलाचा मधला भाग आणि करंगळीकडच्या हाडाचं मूळ. शेवटी 4 पावलं चालायचं. कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी 1992 साली बसवलेले हे नियम. या ठिकाणी हाड दाबून दुखलं नाही आणि लंगडत का होईना 4 पावलं पडली, तर फोटोची गरज नाही. ओटावात ती कमरेला चादर गुंडाळून टाकायला लावतात का, ते विचारायचं राहिलं.

"फोटो नको," डॉक्टर म्हणाले. म्हणजे घरी पुरावा नाही, ऑफिसात रजा नाही, फी मात्र पूर्ण.

आता आजोबांचा नंबर. गुडघा दाखवायचा होता. धोतर वर सरकवलं, झालं. ती नक्षी मलाही जरा नीट बघायची होती, पण कंपाउंडरनं दार उघडून धरलं. "चला, बाहेर व्हा. पेशंट तपासायलेत, दिसत न्हाई का?"