सुंभ जळला? पीळ सांभाळा

मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबाचे निष्ठावंत चाहते म्हणून मिरवायचं असेल तर सगळ्यात आधी एक काम उरका. तुम्ही या क्लबाच्या प्रेमात पडलात तेव्हा तो जिंकत होता, ही गोष्ट डोक्यातून पुसून टाका. 1999 साली बार्सिलोनात सोल्शायरनं शेवटच्या क्षणी पाय घातला आणि एकाच मोसमात तीन करंडक आले, ते तुम्ही केबलवाल्याच्या कृपेनं पाहिलंत. वय कमी असेल तर 2008 साली मॉस्कोच्या पावसात चेल्सीचा टेरी पेनल्टी मारताना घसरला, ते पाहिलंत. त्या काळात कव्हेंट्री होतं, साउदॅम्प्टन होतं, सगळे आपापल्या परीनं घाम गाळत होते. पण तुमचं मन नेमकं टेबलात वरच्या टोकाला असलेल्या टीमवर जडलं. कुणी खोदून विचारलंच तर "मला त्यांची खेळायची पद्धत आवडायची" असं सांगावं. पुढचा प्रश्न यायच्या आत पाणी मागावं.

कोल्हापूरकरासमोर मात्र हा विषय काढू नका. तिथे फुटबॉलमध्ये पाटाकडील तालमीचं व्हायचं की खंडोबा तालमीचं, हे माणूस शाळेत जायच्या आधीच पेठेनं ठरवलेलं असतं. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून आपल्या तालमीच्या नावानं घसा बसवणाऱ्या माणसाला तुम्ही डोंबिवलीत बसून मँचेस्टरातल्या मैदानाला "आमचं ओल्ड ट्रॅफर्ड" म्हणालात, तर तो फक्त बघेल. ते बघणं सहन होत नाही.

आता मूळ मुद्दा, 2024-25चा मोसम. हा मोसम निष्ठेची दहावी-बारावी होता असं समजा. प्रीमियर लीगमध्ये 38 सामने, 18 पराभव, 42 गुण, वीस टीममध्ये पंधरावा क्रमांक. घरच्या मैदानावरच लीगचे नऊ सामने गमावले. 1974 साली क्लब खालच्या श्रेणीत गेला होता, त्यानंतरची ही सगळ्यात वाईट जागा. असे आकडे समोर आले की नवशिका चाहता मान खाली घालतो. मुरलेला चाहता टेबल उलटं धरतो. खालून मोजलं तर आपण सहावे! शिवाय खालच्या श्रेणीत घसरगुंडी झालेल्या तिघांपेक्षा आपण बरेच गुण वर होतो, म्हणजे धोका असा कधी नव्हताच. एके काळी विजेतेपदाचं गणित मांडणारी बोटं आता हे गणित करतात. बोटं तीच आहेत, हेही सातत्यच.

तपशिलात शिरलात तर तिथेही अभिमानाच्या जागा सापडतील. डिसेंबरात टॉटनहॅमच्या सोननं आपल्यावर थेट कॉर्नरवरून गोल केला. सगळे म्हणाले, असं वर्षानुवर्षांत एखाद्या वेळी होतं. आठवड्याभरात वुल्व्ह्जच्या कून्यानंही थेट कॉर्नरवरून गोल केला. आपल्या क्लबानं यातून धडा घेतला नाही असं कोण म्हणतो? उन्हाळ्यात त्यांनी सव्वासहा कोटी पौंड मोजून कून्यालाच विकत घेतलं. निदान एका बाजूनं तरी कॉर्नरचा धोका टळला.

मॅनेजरबद्दल काय बोलायचं, ते महिना पाहून ठरवावं. मे 2024मध्ये टेन हागनं मँचेस्टर सिटीला हरवून एफए कप आणला, तेव्हा तो द्रष्टा होता. जुलैत क्लबानं त्याचा करार 2026पर्यंत वाढवला, तेव्हा "स्थैर्य हवंच" असं तुम्ही म्हणालात. ऑक्टोबरच्या 28 तारखेला त्याला काढलं, तेव्हा "उशीरच झाला" हेही तुम्हीच म्हणालात. मग लिस्बनहून अमोरिम आला. तीन बचावपटूंची त्याची रचना समजावून सांगताना तुम्ही कँटीनमधल्या मीठ-मिरपूडच्या डब्या किती वेळा मांडल्यात! जानेवारीत ब्रायटननं घरी येऊन 3–1 असं झोडपल्यावर तो स्वतःच म्हणाला की क्लबाच्या इतिहासातली ही कदाचित सगळ्यात वाईट टीम असेल. दुसरा कुणी हे म्हणाला असता तर तुम्ही त्याला ब्लॉक केलं असतं. मॅनेजर म्हणाला म्हणून ते "प्रामाणिक नेतृत्व" झालं.

आणि हो, क्लबाचा क्रीडा संचालक डॅन अॅशवर्थ. त्याला आणण्यासाठी क्लबानं महिनोन्‌महिने न्यूकॅसलशी घासाघीस केली, आणि आल्यावर पाच महिन्यांत निरोप दिला. टेन हाग, त्याचे सहकारी आणि अॅशवर्थ यांच्या निरोपाचा खर्च मिळून सुमारे 1.45 कोटी पौंड. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

कारण त्याच मोसमात क्लबानं काटकसरीचं व्रत घेतलं होतं. आधी अडीचशेच्या आसपास नोकऱ्या गेल्या, फेब्रुवारीत आणखी दोनशेपर्यंत जातील असं जाहीर झालं. ओल्ड ट्रॅफर्डच्या कर्मचाऱ्यांचं मोफत जेवण बंद करून फळं ठेवली. सगळे करंडक आणणाऱ्या जुन्या मॅनेजरचं, फर्ग्युसनसारख्या माणसाचं सदिच्छादूत म्हणून मिळणारं मानधनही थांबवलं. मोसमाच्या मध्यातच तिकीट 66 पौंडांचं केलं. पोरंसोरं असोत की पेन्शनर, सवलत कुणालाच नाही. मँचेस्टरशेजारच्या सॅलफर्डमधला एखादा आजोबा नातवाला घेऊन मॅच बघायला निघाला तर त्यानं 132 पौंड मोजून वुल्व्ह्जकडून हरताना पाहायचं. तुम्ही मात्र इकडे, त्याहून कितीतरी स्वस्तात, तोच पराभव मोबाइलवर पाहिलात. लांब राहण्याचे फायदे असतात.

अर्थात फुकट काहीच नाही. प्रीमियर लीग एका अॅपवर, युरोपा लीग दुसऱ्या अॅपवर, तेव्हा दोन्हींचे पैसे भरावे लागतात. पण खरा खर्च झोपेचा आहे. तिकडे रात्रीचे आठ वाजतात तेव्हा इकडे हिवाळ्यात दीड आणि उन्हाळ्यात साडेबारा झालेले असतात. गुरुवारच्या सामन्याचं दुखणं शुक्रवारी ऑफिसात निघतं. हेडफोन एकाच कानात घालावा. दुसरा कान आईच्या पावलांसाठी मोकळा ठेवावा. "एवढा परीक्षेसाठी जागला असतास तर..." हे वाक्य पूर्ण व्हायच्या आत दिवा मालवता आला पाहिजे. तुम्ही चाळिशीचे असलात आणि तुमचीच मुलं परीक्षेला बसत असली तरी आई हे वाक्य म्हणते, याची नोंद घ्यावी.

युरोपा लीगमधल्या ल्योंविरुद्धच्या त्या एप्रिलमधल्या रात्रीचा इथे खास उल्लेख हवा, कारण त्या रात्रीनंच तुमचं वाटोळं केलं. 2–0 पुढे असताना बरोबरी करू दिली, प्रतिस्पर्ध्याचा एक खेळाडू बाहेर गेल्यावर जादा वेळेत 4–2 मागे पडले, आणि मग शेवटच्या सात-आठ मिनिटांत तीन गोल! ब्रुनोची पेनल्टी, मेनूचा गोल, आणि 121व्या मिनिटाला मग्वायरचं ते डोकं. इकडे पहाटेचे तीन वाजून गेले होते, आणि दुसऱ्या दिवशी नेमकी गुड फ्रायडेची सुट्टी. उशी तोंडात कोंबून ओरडताना तुम्हाला वाटलं, हा आपला जुना युनायटेड. नाही हो. जुना युनायटेड दहा जणांविरुद्ध दोन गोलांनी मागे पडत नसे. पण अशी एक रात्र मिळाली की चाहता पुढची पाच वर्षं सांभाळता येतो. क्लबाच्या अर्थखात्यात हे कुणीतरी लिहून ठेवलंच असेल.

मग बिल्बाओ, युरोपा लीगचा अंतिम सामना. युरोपात त्या मोसमात एकही सामना न हरता आपली टीम अंतिम फेरीत पोचली. समोर टॉटनहॅम, लीगमध्ये आपल्याहीपेक्षा खाली, सतरावं. जिंकणाऱ्याला चॅम्पियन्स लीगची जागा. म्हणजे त्या घडीला सोळावा आणि सतरावा भांडत होते, युरोपच्या वरच्या पंक्तीत पाट मिळावा म्हणून. 1–0 हरलो. त्या मोसमात टॉटनहॅमशी चार वेळा गाठ पडली आणि चारही वेळा हरलो. याला सातत्याचा अभाव म्हणणाऱ्यांशी वाद घालायला तुम्हाला आता पुरावा आहे.

या काळात इतर क्लबांच्या बातम्या वाचू नयेत, रक्तदाब वाढतो. त्याच मोसमात लिव्हरपूलनं विसावं विजेतेपद जिंकून आपल्या विसाशी बरोबरी केली. बिल्बाओनंतर दोनच दिवसांनी नापोली इटलीचं विजेतं झालं. निर्णायक सामन्यात गोल करणारा मॅकटॉमिने, ज्याला आपण आदल्या ऑगस्टमध्ये "दर्जा नाही" म्हणत विकला होता. इटलीनं त्याला लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरवलं. 28 मेचा दिवस तर जपून ठेवण्यासारखा. त्या दिवशी आपली टीम क्वालालंपूरमध्ये आग्नेय आशियाई देशांच्या निवडक संघाकडून 1–0 हरली आणि तिथल्या प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. त्याच दिवशी पोलंडमध्ये कॉन्फरन्स लीगच्या अंतिम सामन्यात आपण उसना दिलेला अँटनी बेटिसकडून खेळत होता आणि आपणच उसना दिलेला सँचो चेल्सीकडून गोल करत होता. असे दानशूर आपण! कर्णानंही कवचकुंडलं एकदाच दिली.

तिकडे एका चाहत्यानं ऑक्टोबर 2024मध्ये पण केला की युनायटेड सलग पाच सामने जिंकेपर्यंत केस कापणार नाही. वर्ष उलटलं तरी केस वाढतच होते. चाणक्यानं शेंडी मोकळी सोडली तेव्हा त्याच्यापुढे फक्त नंदांचं साम्राज्य उलथायचं काम होतं. सलग पाच सामने जिंकायचे नव्हते. तुम्ही असला पण करू नका. मुंबईचा दमटपणा पाहता त्वचेचे डॉक्टर अॅपपेक्षा महाग पडतात.

मालकांबद्दल बोलताना आवाज चढवायला हरकत नाही, फक्त पाकीट उघडं ठेवा. ग्लेझर कुटुंबानं 2005 साली सुमारे 79 कोटी पौंडांना क्लब घेतला आणि त्यासाठी काढलेल्या कर्जाचा मोठा भाग क्लबाच्याच डोक्यावर ठेवला. तेव्हा मँचेस्टरातल्या काही चाहत्यांनी संतापून स्वतःचा वेगळा क्लब काढला, एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर, आणि तळाच्या श्रेणीपासून सुरुवात केली. ही माणसं भावनेच्या भरात विचार करून बसली. तुम्ही तसं काही करू नका. तुम्ही "ग्लेझर आउट" लिहावं आणि ते लिहितानाच नव्या जर्सीची ऑर्डर द्यावी. मालकाला यातलं एकच वाक्य कळतं, आणि ते ऑर्डरचं असतं. पंधराव्या क्रमांकाच्या त्या वर्षात क्लबाचं उत्पन्न 66.65 कोटी पौंड झालं, आजवरचं विक्रमी. तोटाही झालाच, म्हणून तर त्या बिचाऱ्यांचं जेवण गेलं. पण उत्पन्न विक्रमी. आठवे आलो असतो तरी एवढंच आलं असतं, विसावे आलो असतो तर कदाचित सहानुभूतीपोटी तुम्ही दुसरी जर्सीही घेतली असतीत. मग जिंकण्यावर खर्च कशाला करायचा, हा प्रश्न त्यांच्या जागी बसून स्वतःला विचारून पाहा. नको, राहू द्या, झोप उडेल.

त्यापेक्षा नव्या स्टेडियमचं चित्र पाहत बसा. ओल्ड ट्रॅफर्डचं छप्पर पावसात धबधब्यासारखं गळतं, यावर उपाय म्हणून मार्च 2025मध्ये एक लाख आसनांचं नवं मैदान जाहीर झालं, दोन अब्ज पौंडांचं. वर भलीमोठी छत्री! छप्पर गळतं म्हणून छत्री उघडणं हे सामान्य भाडेकरूला सुचतं, मालकाला सुचायला वास्तुविशारद लागतो.

पुढचा मोसम नवा असतो. नवे तीन आघाडीवीर आले, तुम्ही पुन्हा डब्या मांडल्यात, आणि ऑगस्टच्या 27 तारखेला ग्रिम्स्बी टाउन नावाच्या चौथ्या श्रेणीतल्या टीमनं लीग कपमधून आपल्याला बाहेर काढलं. 2–2, आणि पेनल्ट्यांवर 12–11. दुसऱ्या दिवशी ऑफिसात लिव्हरपूलवाला हसत येईल, त्याला बोलू द्या. मग शांतपणे सांगा की परक्या मैदानावर एका रात्रीत आपल्या पोरांनी तेरा वेळा चेंडू जाळ्यात घातला. असा हल्ला फर्ग्युसनच्या काळात तरी कधी पाहिला होतास का?