मुलीला आवडलेली थेरपिस्ट

गेल्या आठवड्यात दोन आयांनी इनबॉक्सात एकच प्रश्न विचारला, म्हणून लिहितेय: खाणं सोडलेल्या मुलीसाठी थेरपिस्ट कसा निवडलात?

आधी चुकीचा निवडला.

लेक सोळाची. अ‍ॅनोरेक्सियाचं (वजन वाढायच्या भीतीने खाणं तोडत जाण्याचा आजार) निदान व्हायच्या आधी आमच्याकडे सहा महिने नुसते उपास चालले होते. संकष्टी, मग गुरुवार, पुढे श्रावण होताच. सासूबाईंना कौतुक, खोटं कशाला बोलू, मलाही. पोळीचे नखाएवढे तुकडे करून ताटाच्या कडेने मांडत बसायची. त्यातले निम्मे एकदा टिश्यूत गुंडाळलेले तिच्या कंपासपेटीत सापडले.

पहिल्या बाई फार गोड. सेशनहून लेक हसत यायची, आम्ही खूश. दोन महिन्यांत त्यांनी ना वजन पाहिलं, ना काय खाल्लंस म्हणून विचारलं. ‘आधी मुळाशी जाऊ, खाणं आपोआप सुधारेल,’ म्हणायच्या. इकडे पाळी थांबली, जिना चढताना चक्कर यायला लागली. लेकीला त्या इतक्या का आवडतात हे मला फार उशिरा कळलं. आवडत होत्या त्या तिच्या आजाराला. त्याला त्यांनी हातच लावला नव्हता!

अमेरिकेत मिनेसोटात १९४५ साली ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून पाहिलं होतं. ते चिडचिडे झाले, उदास झाले, दिवसभर जेवणाचंच बोलायला लागले, पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. पोटात काही नसताना मुळाशी जायचं ते कुठल्या?

दुसऱ्या वेळी फोनवरच विचारत गेले. असे पेशंट किती पाहिलेत? दर वेळी वजन घेणार का? नाडी, ईसीजी, पोटॅशियम कोणते डॉक्टर बघतील? आणि घसरण थांबली नाही तर ॲडमिट करायचं कधी सांगाल? (क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी असते. तीही विचारा, लाजू नका.) एकजण वैतागले. एकीने ‘आम्ही आकड्यांत जात नाही’ म्हटलं. तिसरीने सगळ्याची उत्तरं दिली, वर डॉक्टरांचा नंबर दिला.

या तिसऱ्या बाईंची पद्धत लंडनच्या मॉड्स्ली हॉस्पिटलमधून आलेली. वयात येणाऱ्या मुलांसाठी, घरच्यांना सोबत घेऊन. सुरुवातीला ताटाचा ताबा आईबापांकडे. मोठ्या माणसांसाठी सीबीटी-ई नावाची, विचार आणि खाण्याच्या सवयी बदलण्यावर भर देणारी थेरपी असते, साधारण २० सेशनची, वजन फार कमी असेल तर ४०.

दुसऱ्याच सेशनला आम्हाला डबा घेऊन बोलावलं. पोळी, मुगाची उसळ, तूप-भात. लेकीने चार घास खाल्ले आणि ताट सरकवलं. नवरा लगेच, ‘राहू दे गं, दमलीय ती.’ बाई शांतपणे म्हणाल्या, ‘आता तिच्या मनात आहे त्याहून एक घास जास्त. तुम्ही दोघांनी खायला लावायचा.’ तो घास जायला चाळीस मिनिटं लागली. लेक रडली, मला खूप बोलली, नवरा खिडकीशी जाऊन उभा राहिला. पण घास गेला.

परतताना रिक्षात लेक म्हणाली, ‘ती बाई मला अजिबात आवडली नाही.’

मी पुढच्या गुरुवारची वेळ आधीच घेऊन ठेवली होती.