घोड्याच्या टापांवरून स्वाराचा मृत्यू कळत नाही

शिवजयंती जवळ आली की तो फॉरवर्ड ग्रुपवर हमखास येतो. पुतळ्यातल्या घोड्याचे पुढचे दोन्ही पाय हवेत असले तर स्वार रणांगणात पडला, एक उचललेला असला तर जखमांनी दगावला, चारही जमिनीवर असले तर नैसर्गिक मृत्यू. जगभरचा नियम म्हणे!

मुंबईच्या बाहेरही जायला नको. ज्याच्यामुळे दक्षिण मुंबईतल्या एका भागाला काळा घोडा हे नाव पडलं तो पुतळा ब्रिटनच्या सातव्या एडवर्डचा, ससून या व्यापाऱ्यांनी दिलेला, १८७९ सालचा. तेव्हा हे महाशय युवराज होते, चांगले धडधाकट. वारले १९१० मध्ये. मग शिल्पकाराने टापा काय कुंडली बघून ठरवल्या? १९६५ मध्ये पुतळा तिथून उचलून राणीच्या बागेत नेला. २०१७ मध्ये जुन्या परिसरात नवा घोडा आला, त्याच्या पाठीवर तर स्वारच नाही.

महाराजांचं देहावसान १६८० मध्ये रायगडावर झालं, रणांगणावर नाही. त्यांचे पुतळे मात्र बघा: एका चौकात घोडा मागच्या पायांवर उभा, दुसऱ्या चौकात एकच टाप उचललेली.

‘अमेरिकेत तरी पाळतात ना?’ हा पुढचा प्रश्न. ही समजूत मुख्यतः गेटिसबर्ग या पेनसिल्व्हेनियातल्या छोट्या गावाला चिकटलेली आहे. अमेरिकन यादवी युद्धातल्या १८६३ च्या लढाईची तिथे ढीगभर स्मारकं आहेत आणि बरेच घोडे नियमात बसतातही. पण १९९८ मध्ये त्या लढाईतल्या लाँगस्ट्रीट या सेनापतीचा पुतळा बसला, त्याच्या घोड्याची एक टाप वर. त्या लढाईत त्याला जखमच झाली नव्हती. वॉशिंग्टनमध्ये तर अँड्र्यू जॅक्सन या राष्ट्राध्यक्षाचा घोडा १८५३ पासून मागच्या दोन पायांवर उभा आहे; जॅक्सन गेला घरी, आजारपणात.

टापा ठरतात त्या तोलावर, पैशावर आणि शिल्पकाराच्या हौसेवर. काही टनांचा धातू दोन पायांवर उभा करायचा तर वजन मागे घ्यावं लागतं, नाहीतर शेपटी जमिनीला टेकवून तिसरा आधार द्यावा लागतो. रशियातल्या सेंट पीटर्सबर्गच्या पुतळ्यात झार पीटरच्या घोड्याची शेपटी पायाखालच्या सापाला टेकलेली आहे, ती त्यासाठीच. पीटरही आजारपणातच गेला.

झाशीच्या राणीचा दोन पायांवरचा घोडा नियमात बसतो, हे खरं. पर्याय तीनच असले की काही घोडे बसणारच.