टॉवेलपन्नास

परवा सोलापुरात नव्या पेठेत, चुलतभावाच्या चादरींच्या दुकानात, माझी शोभा झाली. तीही पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेपायी. दुकानातून गोदामात ऑर्डर जावी, एवढाच सॉकेटचा (म्हणजे दोन कॉम्प्युटर जोडून बोलते करायचा) प्रोग्राम. घरी रोमन लिपीत 'हेलो' पाठवून बघितलं होतं, गेलं. पुस्तकातली सगळी उदाहरणं हेलोवरच थांबतात. त्यांच्याकडे कुणी चादरी मागत नाही.

दादाने लांबलचक ऑर्डर टाकली आणि गोदामात युनिकोडडिकोडएरर, म्हणजे आलेल्या मजकुराची अक्षरंच लागेनात. मग दोन छोट्या ऑर्डरी पाठोपाठ टाकल्या. लगेच तिकडून पोऱ्याचा फोन: "दादा, टॉवेलपन्नास म्हंजे कंचा माल?" 'दोनशे टॉवेल' आणि 'पन्नास चादरी' हातात हात घालून पोचल्या होत्या.

गल्ल्यापाशी एक काका. जन्मभर यंत्रमाग चालवला, आता चहा पितात.

"काय झालं बे?"

"काका, कॉम्प्युटर ज्या नियमांनी एकमेकांना माल धाडतात ना, त्या टीसीपीत बाइट्सची नुसती धार येते. मी 1024 मागितले तर जास्तीत जास्त तेवढे मिळतात. कमीही येतात."

"धार? नळाची?"

"नळाची म्हणा."

"मग चार दिवसांनी येत असंल."

दादा गल्ल्यावर डोकं ठेवून हसला. मी नेटाने सांगत राहिलो की यूटीएफ-8 मध्ये, म्हणजे अक्षरांचे बाइट करायच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट खातं, 'चादर'चे काना धरून 12 होतात, आणि 1024 वा बाइट नेमका एका 'र'च्या पोटात संपला, अर्धा 'र' काही उलगडेना. (इंग्रजीला अक्षरामागे एकच बाइट. आम्ही काय घोडं मारलंय?)

काकांनी बशी खाली ठेवली. "मागावरनं टॉवेल सुटा सुटा येतोय व्हय? सलग येतोय. दोन टॉवेलांच्या मधी चार बोटं नुसता उभा ताणा सोडायचा, आडवा बाणा नाही. तिथं कातर लावायची. तू काय सोडलास?"

मी काहीच सोडलं नव्हतं. चार वर्षं इंजिनिअरिंग केलं; टीसीपी भरवशाचा, सगळं क्रमाने पोचवतो, एवढं घोकून घेतलं. कातर कुठे लावायची, हे विचारायला कॉलेजात कुणी मागवाला नव्हता!

मुकाट्याने प्रत्येक ऑर्डरीच्या शेवटी नवी ओळ घातली. पलीकडे बाइट साठवायचे, नवी ओळ दिसली की तिथवरचेच उलगडायचे. तिचा बाइट 10, तो मराठी अक्षराच्या पोटात कधीच सापडत नाही. दोन्ही दुखणी गेली.

दादाने स्पेशल चहा मागवला. काकांसाठी. मला म्हणाला, "तुझे पैसे काकांना देऊ का?"

काल गोदामात फोन केला. उचलून पोऱ्या आत ओरडला, "शेठ, टॉवेलपन्नासचा फोन हाय!"