राख भेसळ नव्हे, पण तुमच्या स्लॅबमध्ये ती दोनदा पडली

नमस्कार. ‘फ्लाय अ‍ॅश (कोळसा जाळून उरणारी बारीक राख) म्हणजे वीज केंद्राचा कचरा, ठेकेदाराची सिमेंट वाचवायची पळवाट,’ असं तुम्ही लिहिलंत आणि पुरावा म्हणून स्वतःच्या एम25 (28 दिवसांत 25 मेगापास्कल ताकद अपेक्षित असलेल्या) स्लॅबच्या सात दिवसांच्या क्यूबचा, म्हणजे दाबून तपासलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्याचा, आकडा दिलात: 11 मेगापास्कल. आकडा कमी आहे, काळजी रास्त आहे. पण खरी गोम तुमच्याच एका ओळीत आहे: ‘पीपीसी वापरलं, वर 30 टक्के राख घातली, सात दिवस पाणी मारलं.’

पीपीसी म्हणजे राखमिश्रित सिमेंट, त्यात राख कारखान्यातच पडलेली असते. आयएस 1489 या भारतीय मानकाप्रमाणे 15 ते 35 टक्के. प्रमाण गोणीवर छापलेलं असतं. ते 30 धरलं, तर पीपीसी आणि राख मिळून शंभर किलोंमधल्या तुमच्या 70 किलो पीपीसीत 21 किलो राख आधीच होती. वरून 30. म्हणजे शंभरात 51! घाटघरच्या धरणात सिमेंटपेक्षा राख जास्त आहे, हे खरं. पण ते रोलरने दाबलेलं, कमी पाण्याचं काँक्रीट, आणि ताकद यायला तिथे वेळ होता. घराच्या स्लॅबला ते गणित लावू नये. साइटवर राख घालायचीच असेल तर ओपीसीत, म्हणजे राख नसलेल्या साध्या सिमेंटमध्ये, घाला.

तीही किलोला किलो बदलून नव्हे. एका घनमीटर काँक्रीटला 350 किलो ओपीसी लागत असेल तर एकूण बाइंडर (सिमेंट अधिक राख) दहा टक्क्यांनी वाढवून 385 धरा: 270 सिमेंट, 115 राख, पाणी साधारण 165 लिटर. ही सुरुवात, पक्कं प्रमाण ट्रायल मिक्सवर, म्हणजे आधी थोडा माल करून घेतलेल्या चाचणीवरच ठरवा. राखेचे कण गोल, त्यामुळे माल सहज सरकतो आणि पाणी कमी करता येतं. ते न करता नेहमीचंच पाणी ओतलं की राखेचा मुख्य फायदा गेला. आणि घमेल्याने मोजू नका, राख सिमेंटपेक्षा बरीच हलकी असते.

राख कुठली, हेही विचारा. आयएस 3812 नुसार 45 मायक्रॉनच्या चाळणीवर 34 टक्क्यांहून जास्त उरता कामा नये, जळून होणारी घट 5 टक्क्यांच्या आत हवी. तलावातून उपसलेली राख बहुधा भरड निघते. काळपट राखेत न जळलेला कोळसा असतो, तो अ‍ॅडमिक्श्चर (काँक्रीटमध्ये घातलेलं रसायन) शोषतो.

सिमेंट आणि पाणी यांच्या अभिक्रियेतून चुना सुटतो, राख त्याच्याशी सावकाश जोडली जाते. त्यासाठी ओल लागते. आयएस 456 अशा काँक्रीटला किमान 10 दिवस सांगतं, मी 14 सांगेन. सातव्या दिवशी पाणी थांबलं की बरीचशी राख नुसती भर म्हणून पडून राहते.

राखेमुळे सळई गंजू शकते, हा मुद्दा मात्र मान्य. चुना खर्च झाल्याने कार्बोनेशन (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा काँक्रीटवरचा परिणाम) लवकर आत शिरतं. कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) पातळ आणि पाणी कमी मारलेलं असेल तर सळई लवकर गंजते. राखेच्या काँक्रीटला कव्हर राखणाऱ्या ब्लॉकमध्ये कुचराई चालत नाही.

आता टेकू काढू नका, स्लॅबवर बांध घालून पुन्हा पाणी धरा. 28 दिवसांचे क्यूब कमी आले तर स्लॅबमधून तीन कोअर (गोल नमुने) काढून तपासून घ्या: सरासरी ताकद 25 च्या 85 टक्के हवी, एकही 75 टक्क्यांखाली नको. तेही नापास झाले, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरने लिहून दिल्याशिवाय टेकूला हात लावू देऊ नका.