'दुकान' म्हणणाऱ्या शुभचिंतकांना

"दुखणं थांबलं की खेळायला लागावं, बाकी सगळं फिजिओंचं दुकान." खेळाडूंचा घोटा मुरगळण्यावरच्या माझ्या लेखाखाली 'एक शुभचिंतक' यांनी हे लिहिलंय. त्यात इतरही मुद्दे आहेत, पण मला हेच वाक्य रात्रभर चावत राहिलं.

आधी कबुली. 'राइस' (विश्रांती, बर्फ, पट्टीचा दाब आणि पाय उंच ठेवणं) ही उपचारपद्धत डॉ. गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये मांडली, माझ्या लेखात चुकून १९८७ पडलं. दुरुस्त केलंय, आभार. पण तेवढ्यावरून "अभ्यास न करता लिहिता"? याच मर्किन यांनी पुढे मान्य केलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांतीमुळे दुखापत भरून यायला उशीर होऊ शकतो. ते मात्र तुम्ही सोयीस्करपणे गाळलंत.

आता दुकान. मी फिजिओ नाही, या लिखाणाचे मला पैसे मिळत नाहीत. मी व्हॉलीबॉल खेळायचो. ब्लॉक करून उतरताना पाय समोरच्याच्या बुटावर पडला आणि घोटा आत वळला. बाराव्या दिवशी दुखणं थांबलं. अगदी तुमच्या सल्ल्याबरहुकूम मैदानात गेलो. आठवड्याभरात, सपाट जमिनीवर, आसपास कुणी नसताना, तोच पाय तसाच वळला. त्या हंगामात आणखी दोनदा.

कारण दुखणं आधी जातं, लिगामेंट (हाडांना जोडून ठेवणारा पट्टा) भरून यायला कितीतरी आठवडे, कधी महिने लागतात. शिवाय पाय कुठल्या कोनात आहे हे न बघता कळण्याची जाणीव बोथट झालेली असते, ती आपोआप परत येईलच असं नाही. म्हणून एका पायावर तोल सांभाळण्याचे व्यायाम, पोटऱ्यांची आणि घोट्याच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूंची ताकद, मग उड्या, मग पळता पळता दिशा बदलणं. एका पायावर उभं राहायला कुठलं दुकान लागतं हो?

एक्स-रेची गरज कधी, हे लेखात आहेच: घोट्याच्या हाडांवर दाबल्यावर दुखत असेल किंवा चार पावलंही टाकता येत नसतील तर डॉक्टरांना दाखवा. वाचायचे कष्ट घ्यावे लागतील. घोट्याला बांधायच्या पट्ट्या आणि बुटांचा वाद मला आत्ता घालायचा नाही.

राहता राहिला तुमचा पुरावा: "माझा घोटा तीनदा मुरगळला, दरवेळी आपोआप बरा झाला." तीनदा? एकच पाय होता का, तेवढं कळवा.